अकोल्याला गेलेला कूलर

‘म्याडम, टाकी.’

फोनवर एवढंच. नमस्कार नाही, कशा आहात नाही, मी अमुक बोलतोय नाही. भर दुपारी मी उशीवर डोकं टेकवलेलं असायचं, डोळ्यांवर छान गुंगी यायला लागलेली असायची आणि उशाशी फोन थरथरायचा. ‘म्याडम, टाकी.’ मग फोन बंद. मी शिव्या देत उठायची, कूलरचं झाकण सरकवून बघायची, तर खरंच पाणी तळाला गेलेलं आणि पंप घसा खाकरत असलेला. आणि हे सांगणारा माणूस त्या क्षणी कुठे? बडनेऱ्याला, एखाद्या मंगल कार्यालयात, शिडीवर!

ते माझे घरमालक. राजापेठेपासून जवळच त्यांचं दुमजली घर आहे. खाली ते आणि काकू, वर मी. मी मूळची नांदगाव खंडेश्वरची, अमरावतीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. अख्खी गल्ली त्यांना काकाजी म्हणते, म्हणून मीही. धंदा कूलर भाड्याने द्यायचा. होळी झाली की त्यांचे कूलर गावभर पसरायचे. पोरापोरींच्या खोल्यांत, क्लासमध्ये, दवाखान्यांत, लग्नघरांत. पावसाळा लागला की बाजूच्या गवताच्या ताट्या कुजलेल्या, टाक्यांत शेवाळ धरलेलं, अशा अवतारात परत यायचे आणि अंगणात ओळीने उन्हाची वाट पाहत उभे राहायचे.

उभे. हा शब्द मी काकाजींसाठीही जपून ठेवला आहे, कारण हा माणूस बसायचा नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, जेवण ओट्यापाशी उभ्याने. न्हाव्याच्या खुर्चीत बसले तरी एक पाय जमिनीवर, म्हणजे वेळ आलीच तर अर्ध्या दाढीनिशी निघता यावं. अंगात पांढरा हाफ शर्ट, डोक्याला ओला दुपट्टा. शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर, पँटच्या एका खिशात फोन आणि दुसऱ्यात ऊन लागू नये म्हणून कांदा. एकदा घाईत त्यांनी कांदाच कानाला लावलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. ‘हॅलो’सुद्धा म्हणाले होते.

आणखी एक खोड. कोणाच्याही घरात शिरले की पहिल्यांदा कूलरकडे जाणार आणि हाताची मागची बाजू त्याच्या पत्र्याला लावणार. तापलेल्या पोराचं कपाळ पाहतो तसं. मग मान हलवणार, मग माणसांकडे वळणार. एका घरी मयताला भेटायला गेले होते, तिथेही आधी पत्र्याला हात लावला. घरच्यांना वाटलं, दुःखाने आधार शोधताहेत. यांचं म्हणणं एकच, ‘आधी टाकी, मंग बाकी.’ पोरीचं लग्न असो, निवडणूक असो, माझ्या पीएचडीचं काय झालं हा प्रश्न असो, उत्तर हेच.

आता त्यांना बडनेऱ्यातून माझी टाकी दिसायची कशी?

त्याचं पाप जावयाच्या माथी. त्यांची मुलगी अकोल्याला शाळेत शिकवते. जावयांची मूर्तिजापूरजवळ शेती आहे, पण राहणं अकोल्यात. जावयांनी विहिरीवरच्या मोटरला फोनवरून चालू-बंद करायचं यंत्र बसवलं. काकाजी शेत बघायला गेले, तर जावई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून फोनला बोट लावताहेत आणि लांब विहिरीवर मोटर गुरगुरतेय. पीक कसं आहे हे काकाजींनी विचारलंच नाही. घरी आले ते पेटूनच.

‘म्याडम, शेतातली मोटर फोनचं ऐकते. मंग माहे कूलर काय सावत्र हायेत?’

त्यातून डबी जन्माला आली. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, आत सिमकार्ड, तिच्यातून निघालेली एक वायर टाकीच्या पाण्यात सोडलेली. नागपूरच्या कोणाकडून तरी बनवून घेतली, मग दुसरी, मग सगळ्या कूलरांना. पाणी किती उरलं, पंप चालू की बंद, पंखा एकवर की तीनवर, सगळं काकाजींच्या फोनवर. पाणी संपत आलं की फोन ‘टिंग’ करायचा.

आता हे मान्य केलंच पाहिजे की धंदा सुधारला. पूर्वी दर सीझनला भांडणं ठरलेली. टाकी कोरडी ठेवून गिऱ्हाईक पंप जाळणार आणि वर म्हणणार, तुमचा मालच हलका. आता काकाजी फोन पुढे करायचे. ‘पाय बाप्पा, रयवारी दुपारभर कोरडा चालवला तू. कूलर खोटं बोलत नाई.’ गिऱ्हाईक गप्प. क्लासवाले, दवाखानेवाले खूश, कारण पाणी संपायच्या आत काकाजी बादली घेऊन दारात हजर. अमरावतीत तोवर भाजीवालीच्या गाडीवरचा डबा पैसे आल्याचं ओरडून सांगायला लागला होता, शेजारच्यांची दाराची घंटा त्यांच्या मुलाला बंगलोरात ऐकू जात होती. म्हटलं तर गावातल्या सगळ्या वस्तूंना कंठ फुटला होता. पण त्यांतली प्रत्येक वस्तू आपल्याशीच बोलते आहे आणि तिला ताबडतोब उत्तर द्यायला हवं, असं समजणारा माणूस एकच होता.

त्या लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. बडनेरा रस्त्यावरचं कार्यालय, दुपारचा मुहूर्त. मंगलाष्टकं रंगात आलेली. काकाजी मागे कोपऱ्यात अर्थातच उभे. फोन टिंग झाला. बोहल्याशेजारचा कूलर! भटजींनी शेवटचं मंगलाष्टक उचललं आणि इकडून काकाजी बादली घेऊन निघाले. वऱ्हाडी बाजूला होताहेत, कोणाच्या पैठणीवर पाणी सांडतंय, मामा अंतरपाट धरून डोळे वटारताहेत. बरोबर ‘सावधान’ला काकाजींनी झाकण उघडून बादली ओतली आणि त्याच क्षणी अक्षता पडल्या. निम्म्या नवरानवरीवर, निम्म्या यांच्यावर. फोटोत आजही नवऱ्यामुलाच्या खांद्यामागे दुपट्टा बांधलेला एक प्रसन्न चेहरा दिसतो. नवरी सासरी गेल्यावर पहिलं वर्षभर त्याची ओळख करून देऊन दमली म्हणे.

हे झालं हसायचं. पण डबीने त्यांची उरलीसुरली स्वस्थताही खाल्ली. पूर्वी गिऱ्हाईक बोलवेल तेव्हा जायचे, आता कोणी बोलवायची गरजच उरली नाही. घास तोंडात आणि नजर फोनवर. कोण दुपारी घरी आहे, कोण नाही, हे त्यांना बसल्या... चुकले, उभ्या जागी कळायला लागलं. एकदा रस्त्यातच एका साहेबाला म्हणाले, ‘वयनी माहेरून आल्या वाटते. कूलर एकवरचा तीनवर गेला.’ साहेबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण वहिनी माहेरीच होत्या.

काकूंना हे आवडायचं नाही.

काकू म्हणजे ठेंगण्या, गोऱ्या, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. जिना चढून वर आल्या की पहिल्या पायरीपासून बोलणं सुरू. ‘म्याडम, लोकाइच्या घरात डोकावून राहिले हो हे. देव पायते का असं? आन् घरात? घरात काय चालू हाये ते याइले इचारा!’

त्यांची मागणी फार साधी होती. दुपारी एक वाजता दोन ताटं वाढायची आणि दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं. मुलगी सासरी गेल्यापासून त्या एकट्याच जेवत होत्या. नवरा असून. ‘पंगतीत उभ्यानं वाढते थो वाढपी असते,’ त्या म्हणायच्या, ‘नवरा नसते.’

अक्षय तृतीयेला फुटलं. पितरांचा दिवस. काकूंनी पुरणाच्या पोळ्या, आंब्याचा रस, कुरडया, सगळं केलं होतं. नवी घागर भरून पूजली होती. मलाही जेवायला खाली बोलावलेलं. आणि काय सांगू, काकाजी बसले! पाटावर, मांडी घालून! गुडघे कुरकुरले ते मला ऐकू आले. पितरांचं पान वाढलेलं, काकाजींनी हातात पाणी घेतलं, ते ताटाभोवती फिरवायला लागले...

टिंग.

हात अर्ध्यावर थांबला. पाणी बोटांतून गळून पोळीवर पडलं. काकू त्या ओल्या पोळीकडे बघत राहिल्या. काकाजी माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘दवाखान्यातला हाये म्याडम,’ आणि उठले. त्यांच्या चपला जिन्याखाली फटफटल्या, मोपेड सुरू झाली, गेले.

‘अजी!’ काकूंनी एकदाच हाक मारली. मग मला म्हणाल्या, ‘अमरावतीच्या समद्या घरात डोकावते हा माणूस. माह्या घरात कधी डोकावन?’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अकोल्याला मुलीकडे निघून गेल्या. भांडून जाणारी बाई दागिने नेते, फार तर शिवणयंत्र. काकूंनी घरचा कूलर नेला! मालवाहू रिक्षा बोलावली, दोन माणसांकडून कूलर चढवला, वर ताडपत्री बांधली आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसल्या. ‘लेकीचा कूलर खराब हाये,’ मला सांगितलं. मी म्हटलं, ‘काकू, त्यात डबी आहे.’ त्यांनी पदर खोचला. ‘कोणची डबी?’ बास. याहून जास्त त्यांच्याकडून मला आजतागायत काढता आलेलं नाही.

मग सुरू झाला तो अबोला, ज्याच्यासारखा वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. ते काकूंना फोन करेनात, काकू त्यांना करेनात. पण रोज दुपारी काकाजी जिना चढून माझ्या दारात, उभे.

‘अकोल्याचा चालू झाला.’

‘बरं मग?’

‘म्हणजे जेवली ती.’

दुसऱ्या दिवशी, ‘आज तीनवर हाये. लय राग हाये अजून.’ त्यानंतर, ‘दोनवर आला म्याडम. उतरून राहिला.’ एकदा तर चेहरा उजळलेला. ‘एकवर! झोप लागली तिले. दोन रात्री झोपली नव्हती बिचारी.’ त्यांनी पंख्याच्या तीन आकड्यांत बायकोचं सगळं मन बसवलं होतं. मी विचारलं, ‘काकाजी, फोन का करत नाही?’ तर म्हणाले, ‘काहून करू? दिसून तर राहिलं ना सगळं.’

संध्याकाळी काकूंचा फोन मला. ‘हे जेवले का?’ मी म्हणायची, जेवले. ‘उभ्यानं?’ मी गप्प. ‘हं,’ म्हणून फोन बंद. दोघांच्या मधोमध मी, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. पण एक दिवस काकूंचं ‘हं’ वेगळं आलं. म्हणाल्या, ‘लेकीनं खालची खोली रिकामी करून देली. जूनमधी मी सामान आणतो म्हणतो इकडं.’ सामान! त्या रात्री मला काही सुचेना. काकाजींना सांगावं की नाही? सकाळी सांगितलं. ते कूलरच्या ताट्या बदलत होते. हातातलं गवत तसंच धरून उभे राहिले. म्हणाले, ‘पण काल तर एकवर होता.’

त्यानंतर दोन-चार दिवसांतली ती दुपार. काकाजी जिना चढून आले ते पायऱ्या गाळत.

‘पंप बंद हाये. नुसता पंखा चालू हाये. टाकीत थेंब नाई.’

‘मग असेल.’

‘अशी कशी असन? तीस वर्सं झाली, तिनं टाकी कोरडी ठेवली नाई कधी. ताप आला की पंप बंद करते मानूस, गार वारा सोसत नाई म्हणून. फणफणली असन ती. म्याडम, तुमी लावा फोन.’

मी लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, तेच. मुलगी सुट्टीतल्या शिक्षकांच्या ट्रेनिंगला, तिचा फोन बंद. जावई शेतावर, तिथे नेटवर्क नाही. विहिरीच्या मोटरला नेटवर्क मिळतं, जावयांना मिळत नाही, हा एक चमत्कारच. काकाजी माझ्या खोलीत गोल गोल फिरत होते. मग माझ्या गाडीची किल्ली खुंटीवरून काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

अमरावती ते अकोला, भर मे महिना, दुपारचं ऊन आणि माझ्या जुन्या गाडीचा एसी आधीच मेलेला. डांबर वितळून चाकांना चिकटत होतं, खिडकीतून भट्टीचा झोत येत होता. शेजारच्या सीटवर काकाजी पुढे वाकून, दोन्ही हात डॅशबोर्डवर, जणू गाडी तेच ढकलताहेत. बडनेरा सुटलं आणि फोन सुरू झाला. टिंग. क्लासचा असेल. टिंग. दवाखाना. मूर्तिजापूर येईपर्यंत अमरावती टाकीटाकीने कोरडी पडत चालली होती. आणि काकाजी एकदाही खाली बघेनात. त्यांना एकच कूलर बघायचा होता आणि तो तर बघून झाला होता. शेवटी त्यांनी फोन मांडीखाली सारला. तो तिथे अडकल्यासारखा टिंगटिंगत राहिला.

‘काकाजी, दवाखान्याचा असला तर?’

‘तिथं डाक्टर हाये,’ ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यांत शहाणं वाक्य.

अकोल्यात जठारपेठेत मुलीचं घर. दार सताड उघडं. काकाजी आत धावले, मी मागे. काकू जमिनीवर बसून परातीत गहू निवडत होत्या. मागे कूलर कोरडा, रखरखीत ताट्यांतून नुसता गरम वारा फेकत होता. काकूंच्या कपाळावर घाम, पदर मानेवर.

आणि काकाजी कूलरकडे गेलेच नाहीत.

ते खाली बसले, परातीसमोर, धपकन. आणि हाताची मागची बाजू त्यांनी काकूंच्या कपाळाला लावली.

‘मी कूलर नाई हो,’ काकू म्हणाल्या.

‘ताप नाई?’

‘कायचा ताप?’

‘मंग टाकी काहून कोरडी?’

‘नळ नाई आला! हे काय अमरावती हाये का, उठलं की नळ? चार-पाच दिवसांनी येते इथं पाणी. पेयाचं ठेवू का कूलरले पाजू?’

काकाजींनी आत्ता कुठे कूलरकडे पाहिलं. डबीने पाणी नाही हे सांगितलं होतं, पंप बंद हे सांगितलं होतं. नळाला येत नाही, हे तिला कुठून कळणार? आणि तीस वर्षं बादल्या ओतणारा, लग्नात बादली घेऊन घुसणारा माणूस आज ऐन वेळेला रिकाम्या हाताने आला होता.

‘फोन तरी उचलायचा,’ मी म्हटलं.

‘आतमधी चार्जिंगले हाये. कोनं केला?’ काकूंनी काकाजींकडे पाहिलं. ‘याइनं?’

‘मी,’ मी म्हटलं.

‘वाटलंच.’ पुन्हा गहू निवडायला लागल्या. पण मी बघत होते, त्या खडे परातीत ठेवून चांगले गहू बाहेर टाकत होत्या.

थोड्या वेळाने त्या उठल्या. पिठलं आणि भाकरी वाढून आणली, कांदा फोडला. तो काकाजींच्या खिशातला. दोन ताटं समोरासमोर. माझं वेगळं, खिडकीपाशी. काकाजी मांडी घालून जेवले. घाम गळत होता, पंखा गरम वारा मारत होता, आणि ते जेवत होते. हळूहळू, चावून. दुसरी भाकर मागून घेतली. गाडीतल्या सीटवर राहिलेला फोन कोणालाच आठवला नाही.

आठवला तो ऊन कलल्यावर. काकाजींनी तो आणून चाळला. वर, खाली, पुन्हा वर. मी डोकावले. गिऱ्हाइकांचा एकही फोन नव्हता. एकही नाही! कोरड्या पडलेल्या टाक्या एकेक करून भरल्या गेल्या होत्या. दवाखाना भरला, क्लास भरला, पोरांच्या खोल्या भरल्या. ज्याने त्याने उठून आपापलं पाणी टाकलं होतं. काकाजी फोनवरच्या, भरलेलं पाणी दाखवणाऱ्या निळ्या रेघांकडे बघत बसले. खुशी म्हणावी तर तशी नव्हती. शाळेतून पोरगं एकटंच घरी पोचल्यावर आणायला निघालेल्या बापाचा चेहरा होतो, तसं काहीसं.

‘पायलं?’ काकू म्हणाल्या. ‘जिती हाये अमरावती.’

काकाजींनी फोन पालथा ठेवला.

‘येतो मी घरी,’ काकू पुढे म्हणाल्या. ‘पण आधी ह्याच्यातली डबी काढा.’

‘डबी काहून? बाकीच्याइची...’

‘बाकीच्याइची राहू द्या. घरच्या कूलरची काढा. तुमाले इथून तिथून सगळं दिसून राहिलं तर घरी कायले यान तुमी?’

खिशाकडे गेलेला हात तिथेच थोडा रेंगाळला. मग स्क्रू ड्रायव्हर बाहेर आला. काकाजींनी मागचं झाकण उघडलं, चार स्क्रू, वायर ओढली. डबी तळहातावर घेऊन क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि काकूंना दिली. काकूंनी ती परातीतल्या खड्यांमध्ये टाकली.

या गोष्टीला काही उन्हाळे झाले. घरचा कूलर त्याच रिक्षातून परत आला, ताडपत्रीसकट. धंदा चालू आहे, किंबहुना वाढला आहे. आता डब्या नव्या आल्या आहेत, जास्त शहाण्या, ताट्या कधी बदलायच्या तेही सांगणाऱ्या. काकाजी अजून पेपर उभ्याने वाचतात, अजून मयताच्या घरी आधी पत्र्याला हात लावतात. सकाळी आणि संध्याकाळी मला अजून फोन येतो. ‘म्याडम, टाकी.’

फक्त एक वाजला की ते कुठेही असोत, शिडीवर असोत की मांडवात, चुळबुळ सुरू होते. सगळ्या गावाचं पाणी फोनवर दिसतं, घरचं तेवढं दिसत नाही. मग मोपेडला किक बसते. ‘घरचा पाह्याले पायजे एकदा,’ म्हणतात, जसं काही तो कूलरच आहे.

परवा दुपारी माझी टाकी संपली. पंप खाकरायला लागला. मी मुद्दाम पडून राहिले, उशाशी फोन ठेवून. म्हटलं, बघू या. पंप खाकरतोय, खाकरतोय, फोन गप्प. जिन्याखालून वाटी सरकल्याचा आवाज आला, मग काकूंचा, ‘अजी, बसा अजून, रस हाये.’

मी उठले आणि बादली घेतली.